ओठाला लावून जा

"मध मात्र अस्सल होता हं," बोरसोक तोंडात टाकता टाकता क्लारा असानोव्ना म्हणाली, आणि सलामतचा डावा कान तापायला लागला. शिक्षकांच्या खोलीत किटली फुसफुसत होती, खिडकीबाहेर बिश्केकचा धूर शाळेच्या मैदानावर बसला होता तो सकाळपासून हलला नव्हता, आणि मधल्या टेबलावर सूर्यफुलांचं चित्र असलेली प्लास्टिकची पिशवी फाडून पसरलेली होती. तिच्यात कणकेचे तळलेले बोरसोक, चकचकीत कागदातल्या गोळ्या, सुकलेले जर्दाळू, खडीसाखर. हा खाऊ कुठल्या दुकानातला नाही हे सलामतला कोणी सांगायला नको होतं. पाहुणा उठायला लागला की घरातली बाई दस्तरखानावर, म्हणजे पाहुण्यांपुढं अंथरलेल्या कापडावर, उरलेलं असं बांधते आणि त्याच्या हातात कोंबते, त्याच्या घरच्या मुलांसाठी. केशिक म्हणतात त्याला. तो नाकारायचा नसतो, नाकारला तर त्या घराचं नाक कापल्यासारखं होतं. सलामत गजकर्ण झालेल्या एका मुलाला दवाखान्यात नेऊन नुकतीच परतली होती, अंगातला कोटही काढलेला नव्हता, बुटांचा बर्फ फरशीवर वितळत होता. हे कोणाच्या घरचं, असं विचारायच्या आधीच तिला उत्तर कळून चुकलं होतं, तरी तिनं विचारलं.

"बुरमा आपाकडचं," क्लारा म्हणाली. ती उपमुख्याध्यापिका, गरजू घरांची पाहणी करायला जाणाऱ्या मंडळींची प्रमुखही तीच. "तू नव्हतीस ना, आम्हीच उरकून आलो. घे की, खा. म्हातारीनं बळंच दिलं."

"आणि कोळसा?"

क्लारानं शेजारी बसलेल्या तालाइबेककडे पाहिलं. वस्तीच्या कचेरीतला हा माणूस; हिवाळ्याचा फुकट कोळसा कोणाच्या दारात पडायचा आणि कोणाच्या नाही, हे त्याच्या तोंडून ठरायचं. त्यानं पियाल्यातला चहा फुंकला. "यादीतून नाव कापलं त्यांचं," तो म्हणाला. "अगं सलामत, लोणी काय, साय काय, मुरांबे काय, मध काय! कापडावर बोट ठेवायला जागा नव्हती. त्या घरी कोळसा टाकायचा तर आधी माझ्या घरी टाका."

सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते, चहाच्या वेळचं साधं हसू होतं, म्हणूनच सलामतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मध माझा होता," ती म्हणाली. "त्यांच्या नातवाच्या, तिलेकच्या खोकल्यासाठी मी दिलेला. पानगळीच्या दिवसांत."

"मग अजून उरला कसा?" क्लारानं भुवया उंचावल्या. "म्हणजे खोकला गेला असणार."

यावर पुन्हा हसू. सलामतला त्या दस्तरखानावरची एकेक वस्तू दिसत होती आणि प्रत्येकीमागं एकेक दार दिसत होतं. लोणी आणि साय शेजारच्या गुलशातची, कारण गल्लीत गाय तिच्याकडेच. मुरांबा पलीकडच्या विधवेचा. गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानवालीच्या. पाहुणे येणार म्हटल्यावर बुरमा आपा सकाळपासून दारोदार फिरली असेल, आणि कोणी हात आखडता घेतला नसेल, कारण उद्या त्यांच्याकडे पाहुणे आले तर त्याही हेच करतील. गल्लीतल्या सगळ्या घरांचं मिळून एक दस्तरखान होतं, ते गरजेप्रमाणं या घरातून त्या घरात फिरायचं, आणि हे क्लाराला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? क्लारा काय चंद्रावर वाढली होती? तिच्या आईनंही असंच उसनंपासनं करून मांडलं असणार. पण एकदा माणूस पाहणीला निघाला की त्याला पाहण्यापलीकडचं काही आठवत नाही, डोळे तेवढे शाबूत राहतात.

"पुन्हा जायचं," सलामत म्हणाली. "मी बरोबर असताना. गेल्या हिवाळ्यात त्या घरानं स्वतःचं कुंपण जाळलंय, तालाइबेक बाइके. तुम्ही फाटकातून आत गेलात ना? फाटकाच्या दोन्ही बाजूंना काय होतं ते पाहिलंत का?"

तालाइबेकनं आठवायचा प्रयत्न केला. त्याला आठवेना, आणि तो थोडा ओशाळला. "बरं, शुक्रवारी," तो म्हणाला. क्लारानं उसासा टाकला. "पण हे शेवटचं हं, सलामत. तुझा जीव प्रत्येक घरात अडकतो."

प्रत्येक घरात अडकायला तर ठेवलंय मला, असं म्हणावंसं वाटलं, पण सलामत जिन्याखालच्या आपल्या खोलीत गेली. खोली कसली, कोठार. देणगीतले कोट, साबण, उवांच्या फण्या, मोठ्या मुलींसाठी पाळीच्या दिवसांचा कापूस, जोडी हरवलेले हातमोजे. शाळेत तिचं काम म्हणजे सामाजिक शिक्षिकेचं, आणि लोक विचारायचे, तू शिकवतेस काय? ती काहीच शिकवत नव्हती. कोण तीन दिवस आलं नाही, कोणाचे बूट गळतात, कोणाची आई मॉस्कोत भांडी घासते आणि आता तिचा फोनच लागत नाही, एवढं तिनं डोळ्यांत तेल घालून बघायचं. बघायचं आणि मागायचं. मागून मागून तिची मान कशी एका बाजूला झुकलेली राहायची, हे तिला कधी आरशात दिसलं की ती मुद्दाम ताठ करायची. मागच्या वर्षी एका व्यापाऱ्यानं मुलांसाठी बूट दिले तेव्हा क्लारानं सगळ्यांना मैदानात उभं केलं, खोके छातीशी धरायला लावले आणि फोटो काढले. बुरमा आपाची नात मेरिम पाचवीत होती. तिनं खोका छातीशी न धरता तोंडासमोर धरला. फोटोवाला ओरडला, खाली घे, खाली घे, तुझं तोंड दिसू दे. तिनं खोका खाली घेतला नाही. फोटोत एका मुलीच्या जागी खोका आहे आणि खोक्याच्या खाली दोन बारीक पाय. क्लारा म्हणाली होती, या मुलीला कृतज्ञता म्हणून नाही. सलामतनं तेव्हा तोंड उघडलं नव्हतं, बूट परत जातील म्हणून. आता त्या न उघडलेल्या तोंडाची चव पुन्हा जिभेवर आली, धातूसारखी, आणि कान तसाच तापत राहिला.

हा कान आईनं तापवलेला होता, नारिनच्या डोंगरात, तिच्या लहानपणी. सामुदायिक शेत मोडलं होतं, मेंढ्या वाटल्या गेल्या होत्या, ज्यांना वाटेकरी व्हायचं होतं ते झाले होते आणि बाकीचे गोवऱ्या गोळा करत होते. वडील नव्हते. वर कुठूनतरी एक माणूस घोड्यावरून आला, घरात किती तोंडं आणि किती जनावरं ते पाहायला. आईनं तळाचं पीठ काढलं, शेवटचं तेल कढईत ओतलं, बोरसोक तळले आणि त्याच्यासमोर ढीग ओतला, सोनेरी, वाफाळलेला. सलामत आणि तिच्या बहिणी पडद्यामागून बघत होत्या. त्या वासानं पोटात कळ यायची, अजूनही येते, अजूनही तिला बाजारातल्या तळणाच्या वासाजवळ उभं राहवत नाही. माणूस सावकाश खात होता, गप्पा मारत होता, तूप मागत होता, आणि आई "घ्या ना, घ्या ना," म्हणत होती. जाताना त्यानं मुलींच्या डोक्यावरून हात फिरवला. "सुखी घर आहे," तो म्हणाला. त्या हिवाळ्यात त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही. तो घोड्यावर बसल्याबरोबर सलामत आईवर धावून गेली होती, "त्यानं सगळे खाल्ले! मी बघत होते, सगळे!" आणि आईनं तिच्या कानाखाली वाजवली. जोरात नव्हे. "पाहुण्याच्या तोंडातलं मोजत नाहीत," आई म्हणाली, आणि मग पडद्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. सलामतला तेव्हा आईचा राग आला होता, त्या माणसाचा नव्हे. पुढं ती शहरात आली, शिकली, आई गेली, आणि राग मात्र तसाच राहिला, फक्त कोणावर धरायचा हे दर हिवाळ्यात बदलत गेलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती बुरमा आपाकडे गेली. वस्ती शहराच्या कडेला, कच्च्या विटांची घरं, प्रत्येक धुराड्यातून वेगळा वास: कोणी कोळसा जाळतो, कोणी चिंध्या, कोणी जुने टायर. बुरमा आपाच्या घरापुढं नुसतं फाटक उभं होतं, हिरवं, कडी लावलेलं, आणि दोन्ही बाजूंना मोकळा बर्फ. तरी सगळे फाटकातूनच जायचे. सलामतही कडी काढून आत गेली आणि वळून तिनं कडी लावली. आत मेरिम चुलीपुढं बसून एका जुन्या बुटाचा तळवा आत सारत होती. खोलीत रबराचा जळका वास भरला होता, तिलेक रजईत गुंडाळलेला, त्याच्या नाकपुड्यांभोवती काळं वर्तुळ.

"ये पोरी, वर बस," बुरमा आपानं मानाची जागा दाखवली. सलामत दाराजवळच बसली.

"आपा, उद्या ते लोक परत येणारेत."

"येऊ देत की. पाहुणा म्हणजे बरकत."

"उद्या काही मांडायचं नाही."

"काय नाही मांडायचं?"

"काहीच. कापडसुद्धा अंथरायचं नाही."

म्हातारी हसली, लहान मूल काहीतरी बोललं की हसतात तशी. "बरं, नुसता चहा देऊ."

"साखरेशिवाय."

"आणि नान?"

चुलीतलं रबर तडतडलं. "नानही नाही, आपा."

"तू नारिनची ना गं?" बुरमा आपाचा आवाज खाली गेला. "नान ओठाला न लावता माणूस दारातून परत जाऊ द्यायचा? शेजारीण पीठ मागायला आली तरी म्हणतो आपण, ओठाला लावून जा. तुझ्या आईनं हे शिकवलं तुला?"

"आईनं काय शिकवलं ते मला माहीत आहे!" सलामतचा आवाज चढला, तो तिला आवरला नाही. "मध तिलेकला का नाही दिलात? खोकल्यासाठी आणला होता मी."

"दिला की चमचाभर. बाकीचा ठेवला. कोणी आलं असतं तर?"

"कोण येणार होतं?"

"आले ना," म्हातारी म्हणाली.

सलामतला त्या चिवट, सुरकुतलेल्या, गोड चेहऱ्याचा असा संताप आला की तिनं मुठी मांडीखाली दाबल्या. "त्यांनी तुमचं खाल्लं, तुमचा खाऊ शाळेत आणून चहाबरोबर खाल्ला, आणि तुमचं नाव कापलं. तुमचं दस्तरखान बघून कापलं. कळतंय का तुम्हाला? उद्या तुम्ही मांडलंत तर कोळसा नाही. मग काय जाळणार? फाटक?"

"मी काय भिकारीण आहे, रिकामं कापड दाखवून मागायला?" बुरमा आपाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. "माझी लेक अझीझा मॉस्कोहून पाठवेल. आज ना उद्या फोन करेल." मेरिमनं मान वर न करता दुसरा तळवा चुलीत सारला. तिलेकला खोकल्याची उबळ आली. थांबल्यावर सलामत उठली, आणि दारात म्हातारीनं सवयीनं नानाचा तुकडा पुढं केला. तो तिनं तोडून ओठाला लावला, तो न लावता निघणं तिलाही जमलं नाही.

शुक्रवारी ती तासभर आधी पोहोचली, कारण तिला म्हातारीचा भरवसा नव्हता. आणि बघते तर काय, कापड अंथरलेलं, नान, साय, मुरांबा, गोळ्या, बोरसोक, मधोमध तिच्याच मधाची बरणी. बुरमा आपा पांढराशुभ्र रुमाल बांधून बसलेली. सलामतनं गुडघे टेकले, नान तेवढे उचलून वरच्या बाजूला नीट ठेवले, आणि कापडाची चारी टोकं एकत्र धरली.

"माझ्या घरात माझ्या दस्तरखानाला हात लावतेस?"

"लावते."

"ठेव खाली."

सलामतनं ठेवलं नाही. ते जड गाठोडं दोन्ही हातांत धरून ती अंगणात गेली आणि कुठं लपवावं ते कळेना, म्हणून कोळशाच्या खोपटाचं दार पायानं ढकललं. आत कोळशाचा खडासुद्धा नव्हता. काळी भुकटी तेवढी जमिनीवर, उन्हाच्या तिरिपेत उडालेली. तिथं, उपड्या बादलीवर तिनं गाठोडं ठेवलं आणि वर नान, उलटे पडू नयेत म्हणून तोंड वर करून. अन्नाची अशी विटंबना तिच्या हातून कधी झाली नव्हती. आई बघत असती तर दुसरा कानही तापवला असता. तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो रागच, क्लाराचा, तालाइबेकचा, अझीझाचा, त्या म्हातारीचा, आणि अशा सगळ्या जगाचा जिथं ऊब हवी असेल तर आधी लाज काढून ठेवावी लागते, उंबऱ्यात बूट काढतात तशी.

ते आले. फाटकाची कडी वाजली. तालाइबेकनं आज फाटकाच्या दोन्ही बाजूंना बघितलं, सलामतच्या ते लक्षात आलं. आत येऊन दोघं मानाच्या जागी बसली आणि त्यांच्यापुढं काही नव्हतं, उघडा लाकडी पाट तेवढा, त्यावर जुन्या पियाल्यांचे गोल डाग. बुरमा आपा भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिनं "या" म्हटलं नाही. तिच्या पाठीवरून कळत होतं की ती आता कोणत्याच प्रश्नाचं उत्तर देणार नाही. क्लारा चुलीकडे बघत राहिली, छताकडे, रजईतल्या पोराकडे. तालाइबेकनं गुडघ्यांवर हात चोळले. एवढी शांतता त्या घरात पाहुणे असताना कधी झाली नसेल. सलामतनं हेच मागितलं होतं, आणि आता तिला वाटत होतं, पटकन काय ते लिहा आणि उठा, उठा एकदाचे.

तेवढ्यात मेरिम उठली. कोपऱ्यातलं शाळेचं दप्तर उघडलं, आतून कागदी रुमालाची पुडी काढली. शाळेच्या जेवणातल्या पावाच्या दोन फोडी होत्या त्यात, कडा वाळलेल्या. तिनं त्या पाटावर ठेवल्या, हातानं तोडल्या, प्रत्येकाच्या समोर एक तुकडा सरकवला आणि आजीच्या आवाजात म्हणाली, "ओठाला लावा."

क्लारा म्हणाली, सवयीनंच म्हणाली असेल, "शाळेतला पाव घरी आणायचा नसतो, माहीत आहे ना?"

"माझाच आहे," मेरिम म्हणाली. "मी खाल्ला नव्हता."

तालाइबेकनं तुकडा उचलून तोंडात टाकला. तो चावत राहिला, चावत राहिला, आणि त्याची नजर पाटावरच्या गोल डागांवरून उठेना. "क्लारा," तो अखेर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ओठाला लाव." क्लारानं चिमूटभर तोडलं. सलामतनंही घेतलं, तो वाळका पाव टाळूला चिकटून बसला. बुरमा आपाची पाठ एकदा हलली, बस्स.

अंगणात आल्यावर तालाइबेक म्हणाला, "सोमवारी गाडी येईल," आणि रस्त्याकडे चालू लागला. क्लारा हातमोजे चढवत रेंगाळली. "एवढी ओढाताण होती तर मग त्या दिवशी तो थाट कशाला केला?" ती म्हणाली, आणि तिला खरंच कळत नव्हतं.

"तुम्ही आलात म्हणून," सलामत म्हणाली. "तुम्ही पाहुण्या म्हणून आलात, पोट भरून खाल्लंत, केशिक घेतलात आणि बाहेर पडून फिर्यादी झालात. तुमच्या आईकडे आम्ही असे गेलो असतो तर तिनं काय मांडलं असतं, क्लारा असानोव्ना? सांगा ना. काय मांडलं असतं?" क्लाराचा एक हातमोजा चढत नव्हता, तो ती ओढत राहिली, आणि मग तसाच अर्धवट चढवून फाटकातून निघून गेली. त्यांना निरोप द्यायला बुरमा आपा दारात आली नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत सलामत जेवणाच्या खोलीत उभी होती. मेरिमनं तिच्याकडे बघत बघत पावाच्या दोन्ही फोडी खाल्ल्या, शेवटच्या कणापर्यंत, दप्तराकडे हात न नेता. बघून घ्या, आता काही घरी नेत नाही, असंच ती सांगत होती हे सलामतला नीट कळलं आणि तिनं नजर वळवली. दुपारी ती कोळशाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून वस्तीत गेली. गाडी फाटकाशी न थांबता मोकळ्या बर्फावरून सरळ अंगणात शिरली आणि खोपटापुढं काळा ढीग ओतून गेली. बुरमा आपा दारात उभी होती, शालीत हात गुंडाळून.

"आला कोळसा," सलामत म्हणाली.

"आला."

"चांगला आहे. ढेकळं मोठी आहेत."

"बरं."

म्हातारीनं "ये" म्हटलं नाही. "वर बस" म्हटलं नाही. ती वळली आणि दार लोटून घेतलं. सलामत फाटकापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला. कोळसा मिळाला होता, तिनंच मिळवला होता, तिलेक या हिवाळ्यात रबराचा धूर ओढणार नव्हता, आणि तरी तिच्या अख्ख्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं, की ती कोणाच्या दारात गेली आणि तिला कोणी ओठाला लावून जा म्हटलं नाही. अनोळखी घरातसुद्धा नाही. भांडण झालेल्या घरातसुद्धा नाही. तिचा कान भणभणत होता. रिकामं कापड तिला हवं होतं ना? घे म्हणावं. आणि मग तिला म्हातारीचाच असा राग आला, इतका स्वच्छ, लहानपणीचा राग, की ती उलटी फिरली, अंगण ओलांडलं आणि दारावर मुठीनं धडाधड वाजवलं.

दार उघडलं. "काय गं?"

"मला भूक लागलीय," सलामत जवळजवळ ओरडली. "सकाळपासून काही खाल्लं नाही मी. तुमच्या दारात आलेय. मला नान द्या!"

बुरमा आपाचे ओठ आवळले, सुटले, पुन्हा आवळले. मागं तिलेक खोकला. मग जे तिनं क्लाराला सांगितलं नव्हतं, तालाइबेकला सांगितलं नव्हतं, शेजारणींनाही कधी उघड सांगितलं नसेल, ते ती म्हणाली, चिडून, दारावरचा हात न काढता.

"नान नाहीये घरात," ती म्हणाली. "थोडं पीठ आहे. बूट काढ आणि मळायला ये, तोवर मी चूल पेटवते."